सावडीची छाती

माझ्या उघड्या छातीवर कंपाउंडरनं आकडा लिहिला. निळ्या पेन्सिलीनं. टोक वाटीतल्या पाण्यात बुडवायचं आणि लिहायचं. गोणीवर लिहितात तसं. सतरा.

आम्ही तीस-पस्तीस जण रांगेत उभे होतो. कमरेपासून वर उघडे. अंगभर पांढरी पावडर. भुवया पांढऱ्या, पापण्या पांढऱ्या, कानाच्या पाळ्यासुद्धा पांढऱ्या. दर वर्षी कंपनीत छातीचे फोटो काढायची गाडी यायची, त्यातलाच तो दिवस. समोर खुर्चीवर कंपनीचा डॉक्टर. नाकाला रुमाल. त्याच्या शेजारी मॅनेजरचा कोणी मुंबईचा पाहुणा. पाहुण्यानं सहज विचारलं, एवढ्या सगळ्यांना तुम्ही एकटे तपासता? डॉक्टर रुमालाआडून हसला.

"ह्यांच्यात एकाला बघितलं की सगळ्यांना बघितलं," तो म्हणाला.

पाहुणा हसला. कंपाउंडर हसला. आणि खोटं कशाला बोलू, रांगेतले आम्हीही हसलो. मी तर दात काढून हसलो. साहेब हसला की हसायचं, ही आमची सवय. डॉक्टरच्या त्या वाक्याचा मला आज राग येतो. पण माझ्या त्या हसण्याची लाज वाटते, आणि लाज रागापेक्षा वाईट.

डॉक्टरनं कोणाच्या छातीला नळी लावली नाही. हातातली फूटपट्टी आमच्या हनुवटीखाली घालायची, तोंड वर करायचं, "आ कर" म्हणायचं. झालं. पुढचा. प्रत्येक माणसानंतर कंपाउंडर ती पट्टी औषधाच्या पाण्यात धुवायचा. आमच्या काळजीनं नव्हे. डॉक्टरच्या हाताला आमचं काही लागू नये म्हणून.

त्या दिवशी फोटोच्या गाडीत मी पाच वेळा गेलो. एकदा माझ्या नंबरानं आणि चार वेळा दुसऱ्यांच्या. हे असं का, ते सांगतो. सांगायलाच बसलोय.

मी पोशीरचा. घरची दोन खाचरं आणि खाणारी तोंडं सात. भात निघालं की चार महिने पुरायचं. माझ्या मोठ्या बहिणीला, बायला, साजगावच्या अंगाला दिलेली. तिचा नवरा, म्हणजे आमचे दाजी, तिथल्याच एका दगडाच्या कारखान्यात होते. त्यांनीच मला चिकटवलं. गारगोटीचा दगड यायचा. तो फोडायचा, दळायचा, मैद्यासारखा बारीक करायचा आणि गोण्यांत भरायचा. ती पावडर काचेला जायची, रंगाला जायची. आणि आमच्यात जायची. भाकरीला दाताखाली कचकच. थुंकलं तर थुंकी पांढरी. घरी गेलं की बायकोसुद्धा आधी म्हणायची, लांब उभे राहा, झाडा अंग.

सहा-सात वर्षं त्या शेडमध्ये काढली की माणसाला धाप लागायची. आधी चढणीला, मग सपाटीला, मग बसल्या जागी. आमच्या शेडमध्ये जो जुना तो धापेचा, हे ठरलेलं. कोणाला धाप लागली की आम्ही त्याला हिशेबानं विचारायचो, कितवं वरीस? सातवं? मग बरोबर. जणू काही बैलाचे दात मोजतोय. कंपनीचा डॉक्टर मात्र त्याला टीबी म्हणायचा. टीबी माणसाच्या घरातून येतो, कारखान्यातून येत नाही, हे त्याचं शास्त्र. फोटोत डाग दिसला की माणूस घरी. ना औषध, ना भरपाई. दुसऱ्या दिवशी त्याच्या जागी नवा गडी.

मी लागलो त्याच्या तिसऱ्या वर्षी दाजींना खोकला सुरू झाला. फोटोची गाडी यायला चार दिवस होते. दाजींना तीन मुली. बाय पोटुशी. चौथीही मुलगीच झाली पुढं. दाजी मला चहाच्या टपरीवर घेऊन गेले. बशीत चहा ओतला, तो तसाच निवला. मग खाली बघत म्हणाले,

"तुझी छाती साफ हाय. यंदाच्याला मला सावडीला दे रं."

ज्यांना ठाऊक नाही त्यांच्यासाठी सांगतो. आमच्याकडं आवणीला सावड असते. आज माझ्या खाचरात तुम्ही येऊन रोपं लावायची, उद्या तुमच्या खाचरात मी. मजुरी नाही, उपकारही नाही. सावडीला नाही म्हणणारा माणूस गावात माणूस राहत नाही. दाजींनी 'फसवू या' म्हटलं असतं तर मी कदाचित घाबरलो असतो. त्यांनी सावड म्हटलं. मग मी नाही कसा म्हणणार?

काम अगदी सोपं होतं. टेबलापाशी दाजी उभे राहायचे, कंपाउंडर त्यांच्या छातीवर आकडा लिहायचा. तिथून गाडीपर्यंत जायला गोण्यांच्या थप्प्यांमधून वाट. त्या वाटेत तोच आकडा आम्ही माझ्या छातीवर लिहायचा. तसली निळी पेन्सिल आम्हीही आणलेली. मी गाडीत जायचो. आतला माणूस तोंड बघत नव्हता. तो आकडा बघायचा, यादी बघायचा, बटण दाबायचा. बाहेर आलो की ओल्या फडक्यानं आकडा पुसायचा, वरून मूठभर पावडर मारायची. झालो परत कोरा. पांढरं अंग, पांढरं तोंड, वर नंबर. कोण ओळखणार? त्यांनीच आम्हाला नंबर केलं होतं. आम्ही तो नंबर फक्त इकडचा तिकडं नेला.

पुढच्या साली आणखी तिघे आले. सगळे धापेचे, सगळे पोरंबाळंवाले. दाजींना दिली तर ह्यांना का नको? दिली. हळूहळू सगळ्या शेडला कळलं. आणि मग एक भलतीच गोष्ट झाली. माणसं माझी छाती राखायला लागली. मला दळणीच्या तोंडावरून काढून दाराशी गोण्या शिवायला बसवलं. तिथं वारा होता. मुकादमालाही ह्या लोकांनी सांभाळून घेतलं. पावडर धुवून निघते म्हणून कंपनी पाळीला माणशी गुळाचा एक खडा द्यायची. तो खडा माणसं स्वतः खायची नाहीत. खोकत खोकत यायची आणि माझ्या हातावर ठेवायची. खा, म्हणायची. तुझी नीट ऱ्हायला पायजे. शर्यतीच्या बैलासारखं ठेवलं मला. मी खाल्ला तो गूळ. सात वर्षं खाल्ला. मला वाटायचं, मी केवढा मोठा उपकार करतोय.

मग विमा आला.

कुलाब्याचा रायगड जिल्हा झाला त्या सुमाराची गोष्ट. कंपनीनं कायम कामगारांचा विमा उतरवायचं ठरवलं. मरणाचा नव्हे, आजाराचा. मोठा आजार झाला तर मरायची वाट न बघता एकरकमी पैसे मिळणार. कँटीनच्या भिंतीवर आजारांची यादी लावली. कॅन्सर, लकवा, हृदयाचा झटका, मूत्रपिंड, फुप्फुस. माणसं त्या भिंतीकडं पाठ करून जेवायला लागली. आजाराचा विमा म्हणजे आजाराला आवतण, असं सगळ्यांचं मत. एकानं तर घरून लिंबू-मिरची आणून त्या यादीला बांधली. अंगठा द्यायला कोणी तयार होईना.

तयार केलं ते दाजींनी. दाजी चौथी शिकलेले. यादी त्यांनी दोनदा वाचली. माणसामाणसाकडं जाऊन सांगितलं की अरे, आपल्यातला कोणीतरी जाणारच आहे, दर दोन वर्षांनी एक जातोच. गेला तर निदान मागचं घर तरी उभं राहील. मला म्हणाले, माझं काय खरं नाही रं, पण थोरली हुशार आहे, तिची शाळा सुटू नये. एवढंच त्यांना पाहिजे होतं. चार मुलींपैकी एक तरी शिकून नोकरीला लागावी, म्हणजे ती बाकीच्या तिघींना ओढील. त्या विम्यात दाजींनी आपल्या पोरीची शाळा बघितली.

फक्त एक अट होती. मागचे फोटो साफ पाहिजेत. आधीपासून आजारी असलेल्याला विमा नाही.

त्या साली गाडी दोन दिवस उभी होती, तिन्ही पाळ्यांना. दोन दिवसांत मी अकरा वेळा आत गेलो. दहा वेळा दुसऱ्यांच्या नावानं आणि एकदा माझ्या. दहाही जण पास. डॉक्टरनं सगळ्यांच्या कागदावर सही केली, छाती निर्दोष. आम्ही संध्याकाळी खोपोलीला जाऊन भजी खाल्ली. दाजी खोकता खोकता हसत होते.

दीड वर्षात दाजी आडवे झाले.

मुंबईच्या सरकारी दवाखान्यात नेलं. तिथं एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं दाजींच्या छातीला नळी लावली, पाठीला लावली, बोटांनी ठोकून बघितलं. मी बघतच राहिलो. इतक्या वर्षांत कुठल्या डॉक्टरनं आमच्यापैकी कोणाला हात लावलेला मी पहिल्यांदा बघितला. तिनं मोठा फोटो काढला. मग विचारलं, दगडाच्या पावडरीत किती वर्षं? टीबी नाही म्हणाली हा. फुप्फुसांत पावडर बसून फुप्फुसं घट्ट झालीत. पहिल्यासारखी होत नाहीत आता. तसं तिनं कागदावर लिहून दिलं, सही-शिक्का मारला. विम्याच्या यादीत बसणारा आजार होता. दाजींनी झोपल्या झोपल्या फॉर्मवर सही केली. त्या दिवशी त्यांचा चेहरा उजळला होता, ह्याचं मला अजून नवल वाटतं. माणूस आपला मोठा आजार कागदावर आला म्हणून खूश झाला.

महिन्याभरानं कंपनीच्या ऑफिसात बोलावणं आलं. दाजी, बाय आणि मी गेलो. दाजींना मी जवळजवळ उचलूनच नेलं. आत विम्याचा साहेब होता आणि आमचा डॉक्टर होता. दोन खुर्च्या रिकाम्या होत्या. बसा कोणी म्हटलं नाही. दाजींना उभं राहवेना म्हणून त्यांनी टेबलाच्या कडेला हात टेकला.

"टेबलाला हात लावू नकोस," डॉक्टर म्हणाला.

दाजींनी हात काढला. मी मागून धरलं.

विम्याच्या साहेबानं एक पाकीट उघडलं. त्यात दाजींचे सात वर्षांचे छोटे फोटो, प्रत्येकाला डॉक्टरच्या सहीचा कागद जोडलेला. पंज्याएवढे. आणि दुसऱ्या हातात मुंबईचा मोठा. त्याचं बोलणं तसं सरळ होतं. म्हणाला, हे सात साफ आहेत, हा आठवा बरबाद आहे. शेवटच्या साफ फोटोला दहा महिने झालेत. दहा महिन्यांत असं फुप्फुस होत नाही. म्हणजे दोन्हींपैकी एक खोटं आहे. तो माणूस बरोबर बोलत होता, हेच वाईट. त्या खोलीत खरं काय ते तीनच जणांना माहीत असायला पाहिजे होतं. मला, दाजींना आणि ज्यानं सात वर्षं त्या फोटोंवर सह्या केल्या त्याला.

डॉक्टरनं दाजींना शर्ट काढायला लावला. साहेबांना बघू दे, म्हणाला. बायसमोर. दाजींची बटणं निघेनात. बायनं काढली. हाडं नुसती. डॉक्टर बसल्या जागेवरून बघत होता, आणि मग त्यानं ते वाक्य टाकलं.

"मुंबईला जाऊन कुठल्या मरत्या माणसाचा फोटो आणायचा आणि आपला म्हणून लावायचा. ह्या लोकांची रीतच आहे. काय रे, कुणाची छाती आणलीस?"

एकच फोटो खरा होता आमचा. दाजींचा स्वतःचा. सात वर्षांतला पहिला आणि शेवटचा. आणि तोच चोरीचा ठरला.

माझ्या तोंडात जीभ होती. मी बोलू शकत होतो. दाजींनी मान वळवून माझ्याकडं बघितलं आणि हलकेच नाही म्हटलं. बाकीचे नऊ जण उघडे पडतील म्हणून. मी गप्प बसलो. तोंड दाबून बुक्क्यांचा मार. बोलली ती बाय. तिला आमच्या सावडीतलं काहीच ठाऊक नव्हतं. आमच्यात कंपनीचं बायकांना कोण सांगतं? पदर ओठाशी धरून ती म्हणाली,

"ह्यांचीच हाय ती छाती, सायेब. मी रोज तिच्या शेजारी निजते. मला आवाज ठावा हाय."

डॉक्टर तिला म्हणाला, बाई, तुम्ही बाहेर थांबा. विम्याच्या साहेबानं फॉर्मवर शिक्का मारला. नामंजूर. निघताना डॉक्टरनं ते सात फोटोंचं पाकीट बायच्या अंगावर टाकल्यासारखं पुढं केलं. म्हणाला, घेऊन जा, तुझ्या नवऱ्याची चांगली छाती, भिंतीला लाव. त्या वेळी त्याला कळलं नाही आपण काय हातचं सोडतोय. मलाही कळलं नाही.

रस्त्यात बायनं विचारलं, गेल्या सालापर्यंत ह्यांची छाती एवढी साफ कशी होती रं? मी म्हटलं, मला काय माहीत. माझ्या सख्ख्या बहिणीला मी असं सांगितलं.

चार दिवसांनी ते पाकीट घेऊन मी एकटाच मुंबईला गेलो. डॉक्टरीणबाईंना म्हणालो, काही करा, पुन्हा लिहून द्या. त्यांनी सात फोटो ओळीनं उजेडाच्या काचेवर लावले. शेजारी दाजींचा मोठा. घटकाभर बघितलं. मग पेनाचं टोक एका फोटोवर ठेवलं. उजव्या बाजूची चौथी बरगडी. पुढं जाऊन तिला दोन फाटे फुटले होते. मांडवाच्या मेढीचं बेळकं असतं ना, तसं. दुसऱ्या फोटोत तेच. तिसऱ्यात तेच. सातही फोटोंत बेळकं. आणि दाजींच्या मोठ्या फोटोत सरळ बरगडी.

बाईंनी वळून माझ्याकडं बघितलं. शर्ट काढ म्हणाल्या. नाव विचारलं, नंबर नाही. फोटो काढला. ओला फोटो वर धरला. बेळकं. माझं. जन्मापासूनचं. मला ठाऊकच नव्हतं.

मग मी सगळं सांगितलं. सावड, पेन्सिल, गूळ, अकरा वेळा. बाई चिडतील वाटलं होतं. चिडल्याही, पण आधी डॉक्टरवर. म्हणाल्या, डॉक्टरकीच्या पहिल्या वर्षाच्या पोराला दाखवलं तरी तो म्हणेल ही एकाच माणसाची छाती आहे. ज्यानं सह्या केल्या त्यानं हे फोटो उजेडात धरलेलेच नाहीत. एकदाही नाही. मला ते वाक्य आठवलं. एकाला बघितलं की सगळ्यांना बघितलं. अरे, तू एकालासुद्धा बघितलं नाहीस!

पण बाई तिथं थांबल्या नाहीत. त्यांनी विचारलं, किरण किती वेळा घेतले अंगावर? मी म्हटलं, मोजले नाहीत. मग हळूच म्हणाल्या,

"सात वर्षांपूर्वी त्यांचा स्वतःचा फोटो निघाला असता, तर डाग दिसला असता. तेव्हाच धुळीतून बाहेर पडले असते, तर आज ते चालत असते."

करायला गेलो गणपती आणि झाला मारुती, असं लोक हसत हसत म्हणतात. मी ते हसत म्हणू शकत नाही. मी दाजींची नोकरी वाचवली आणि त्या नोकरीनं दाजी खाल्ले. दहा माणसांना मी पावडरीत ठेवलं. माझ्या साफ छातीनं. त्यांचाच गूळ खाऊन.

घरी येऊन बायला सांगितलं. ती चुलीपुढं बसलेली. ऐकून घेतलं सगळं. मग म्हणाली, तू माझ्या नवऱ्याला जगवायला गेलतास का मारायला? आतून दाजींनी सगळं ऐकलं होतं. बोलायला दम नव्हता, दोन-दोन शब्द करत म्हणाले, त्याला बोलू नको, मीच मागितली. आणि मला म्हणाले, बाकीच्यांना विचारल्याबिगर तोंड उघडू नको. सुगीत, भर दुपारी, दाजी गेले. थोरलीची शाळा त्याच महिन्यात सुटली. ती आता मोहोपाड्याला कॉलनीत साहेब लोकांची भांडी घासते. हुशार होती.

मी नऊ जणांना विचारलं. कँटीनमागं जमवलं आणि बेळक्याचा फोटो दाखवला. म्हटलं, यंदा सावड बंद. ज्याची त्यानं आपली छाती दाखवायची. डाग दिसला तर भांडू. आपल्याला आजार त्यांच्या पावडरीनं दिलाय, तर भरपाई त्यांनी द्यायची. घरी बसवायचं काय म्हणून?

चौघे तयार झाले. पहिला हात वर केला तो इस्माईलचाचांनी, शेडमधला सगळ्यात जुना माणूस. खोकत म्हणाले, मला असंही किती दिस काढायचे हायेत, लिव माझं नाव. पाच जण उलटले. आमच्या पोटावर पाय देतोस, म्हणाले. दाजी गेला म्हणून आम्हाला पण घेऊन चाललास. त्या पाचांतला एक माझ्यापाशी आला आणि नेहमीसारखा गुळाचा खडा माझ्या हातावर ठेवला. त्याला पाच पोरं. मी तो खडा त्याला परत दिला. माझ्या आयुष्यात एवढं जड काही मी उचललेलं नाही.

गाडी आली. रांग लागली. तेच टेबल, तीच वाटी, तोच रुमाल. माझा नंबर आला. कंपाउंडरनं पेन्सिल बुडवली आणि हात पुढं केला. मी त्याचं मनगट धरलं.

"आकडा नको. नाव लिवा."

कंपाउंडर डॉक्टरकडं बघायला लागला. डॉक्टर म्हणाला, काय तमाशा आहे? मी पाकीट काढलं. सात फोटो त्याच्या टेबलावर मांडले आणि आठवा माझा, मुंबईचा, नावासकट. म्हटलं, एक उचला आणि उन्हात धरा. त्यानं धरला नाही. मग मीच धरला. सगळ्या रांगेला दिसेल असा. बेळक्यावर बोट ठेवलं आणि दुसरा हात माझ्या उजव्या बरगडीवर.

"ही माझी बरगडी हाय, डॉक्टर. माझ्या मेव्हण्याच्या नावावर सात वर्सं तुमी तिच्यावर सही केलीय. फोटोंचं कपाट उघडा, आनखी सापडंल. मी चोरी केली, मी कबूल करतो. तुमी काय केलं ते तुमी सांगा."

ह्या वेळी कोणी हसलं नाही. डॉक्टरचा रुमाल खाली आला होता. त्याचं तोंड मी पहिल्यांदा पूर्ण बघितलं. साधंच होतं, घाबरलेल्या माणसाचं. त्यानं वॉचमनला हाक मारली. तो येईस्तोवर मी फोटो गोळा करून पाकिटात घातले.

दुसऱ्या दिवशी मी निलंबित. तिसऱ्या दिवशी मॅनेजरनं बोलावलं. टाइप केलेला कागद तयार होता. ही सगळी फसवणूक मी आणि माझ्या मयत मेव्हण्यानं मिळून केली, कंपनीचा आणि डॉक्टरचा काही संबंध नाही, मला पश्चात्ताप झालाय. खाली माझ्या सहीची जागा. सही केली तर नोकरी परत, वर पर्मनंट मुकादम. पुतण्याला समजावावं तसा मॅनेजर बोलत होता. मेलेल्या माणसाचं काय जातंय, म्हणाला. मी कागद उलटा करून ठेवला आणि उठलो. त्या वेळी मी बसलेलो होतो. खुर्ची मी विचारून घेतली नव्हती.

मी मोठा शूर वगैरे नाही. पुढचंही सांगतो, म्हणजे कोणाचा गैरसमज नको. त्या साली ज्यांनी आपली छाती दाखवली त्या सगळ्यांना घरी पाठवलं. चौघांनाही, आणि सावड नाही म्हणून आपलीच दाखवावी लागलेल्या त्या पाचांनाही. तो गुळाचा खडा देणारा आता नेरळला हमाली करतो, म्हणजे धाप लागेस्तोवर करतो. रस्त्यात दिसला तर थुंकतो माझ्याकडं बघून. मी ते घेतो. त्याचा तेवढा हक्क आहे. आम्ही भरपाईचा दावा लावला, पण इस्माईलचाचा तो उभा राहण्याआधीच गेले. कपाटातल्या फोटोंचं विचाराल तर सरकारी इन्स्पेक्टर बघायला येईपर्यंत त्यांना वाळवी लागली. कपाट लोखंडाचं होतं. लोखंडी कपाटात वाळवी. इन्स्पेक्टरनं तसं लिहून घेतलं आणि चहा पिऊन गेला.

दावा चालू आहे. तारीख पडते, पुढं जाते. वकील म्हणतो पुरावा कमी आहे. डॉक्टर आता दुसऱ्या कारखान्यात आहे. तिथंही रांग असेल, वाटी असेल, निळी पेन्सिल असेल.

पण बायच्या ट्रंकेत सात फोटो आहेत, दाजींच्या नावाचे, त्या डॉक्टरच्या सहीच्या कागदांसकट. ते त्यानं स्वतःच्या हातानं दिलेत. आणि आठवा पुरावा मी अंगात घेऊन फिरतो. ह्या बरगडीला वाळवी लागत नाही. म्हणून मी बिडी सोडली. पावडरीच्या कुठल्या कामाला जात नाही, उपाशी राहीन पण जात नाही. ज्या छातीला दहा माणसांनी गूळ घालून राखलं ती मला कोर्टात न्यायची आहे. दर तारखेला मी जातो. न्यायाधीशानं म्हटलं की शर्ट काढीन, उजेडात उभा राहीन, सांगतील तेवढा वेळ.

पण आता कोणाला माझ्यावर आकडा लिहू देणार नाही. आणि आवणीला बोलवाल तिथं येईन, चिखलात दिवसभर वाकेन, सावड मोडणार नाही. छाती मात्र देणार नाही. सख्ख्या भावालासुद्धा नाही. त्याला हाताला धरून नेईन आणि त्याची त्याला दाखवायला लावीन.